फोर्टातला बँड, आजींची दिंडी आणि माझा लॅपटॉप

मागच्या भागात आपण तंजावरच्या मोडी कागदांत शिरलो होतो. आज विषय डीजे. इतिहासाच्या गप्पांमध्ये डीजे कुठून घुसला, असं तुमच्यातले काही जण म्हणतील. म्हणू द्या. शेवटी आपण तंजावरलाच पोचणार आहोत, फक्त वाट जरा वाकडी आहे.

सुरुवात झाली आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत. चेन्नईत आम्ही थोडी मंडळी दरवर्षी गणपती बसवतो. शेवटच्या दिवशी हॉलमध्ये गाण्यांचा कार्यक्रम असतो. गेल्या वर्षी त्यासाठी डीजे बोलावला होता. पोरगा भला होता, पण त्याने स्पीकर अशी भिंत रचून मांडले की दहाव्या मिनिटाला माझं श्रवणयंत्र शिट्ट्या मारायला लागलं. मी ते काढून खिशात टाकलं आणि बाहेर आलो. पायऱ्यांवर आमच्या शेजारच्या आजी आधीच येऊन बसल्या होत्या.

या आजींबद्दल सांगायला हवं. त्या तंजावरच्या मराठी. इथे या समाजाला रायर म्हणतात. वय नव्वदीला टेकलेलं. त्यांच्या मराठीत शिवकालीन शब्द आणि तमिळ हेल एकाच वाक्यात नांदतात. मला पासष्टाव्या वर्षी 'तंबी' म्हणणारी, म्हणजे धाकटा भाऊ समजणारी, ही जगातली एकमेव व्यक्ती. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी मी येणार नाही. छातीत धडधडतं.

तर यंदाच्या बैठकीत पुन्हा डीजेचा विषय निघाला आणि मी बोलून बसलो की गाणी मी लावतो. हात दाखवून अवलक्षण. ओएमआरवरच्या एका कंपनीत काम करणारा नाशिकचा एक मुलगा लगेच म्हणाला, "काका, सॉफ्टवेअर देतो माझ्याकडचं, क्रॅक केलेलं आहे, पैसे लागत नाहीत." मी म्हटलं, चोरीचा माल गणपतीपुढे नको. मग तोच डोकं खाजवत म्हणाला, "एक खरंच फुकट आहे. मिक्स नावाचं. इंग्रजीत शेवटी तीन एक्स लिहितात."

आता मूळ शब्दाकडे. आपल्या महाराष्ट्रात डीजे म्हणजे माणूस नव्हेच. डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. 'डीजे लावला', 'डीजे जप्त केला' असं आपण म्हणतो. मूळ शब्द डिस्क जॉकी, तबकड्या हाताळणारा माणूस. या अर्थाने भारताचा सर्वांत मोठा डिस्क जॉकी कोण, तर अमीन सयानी. ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवरून बिनाका गीतमाला सुरू झाली. ते एक तबकडी संपवायचे, मग बोलायचे, मग दुसरी लावायचे. दोन गाण्यांच्या मधली फट ते आपल्या आवाजाने भरायचे.

फटच राहू द्यायची नाही, ही कल्पना नंतरची. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनला एका जुन्या जर्मन चर्चच्या इमारतीत सँक्चुअरी नावाचा क्लब निघाला होता. तिथे १९७० च्या आसपास फ्रान्सिस ग्रासो नावाचा तरुण दोन तबकड्या एकाच वेळी फिरवायचा. पहिलं गाणं चालू असतानाच दुसऱ्याचा ठेका तो हेडफोनमध्ये ऐकायचा, दोन्ही ठेके जुळवायचा आणि नाचणाऱ्यांचं पाऊल न चुकवता दुसऱ्या गाण्यात जायचा. १९७२ मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स एसएल-१२०० हे यंत्र काढलं. त्यात मोटर थेट तबकडीच्या आसाला जोडलेली होती, पट्टा नव्हता. हाताने थांबवून सोडलं तरी क्षणात वेग घ्यायचं. १९७९ च्या सुधारित यंत्रावर वेग कमी-जास्त करायची सरकती पट्टी आली, वर-खाली ८ टक्के. डीजेंची सगळी कला त्या बोटभर पट्टीवर उभी राहिली.

तिची अडचण संगीत येणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. तबकडी जोरात फिरवली की लय वाढते, पण सूरही चढतो. ८ टक्के वेग वाढवला तर काळी एकचं गाणं पांढरी दोनच्याही पुढे जातं. संगणकाने हे दोन धागे सुटे केले. आता लय वाढवा, सूर जागेवर राहतो.

मिक्सची गोष्ट २००१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात सुरू झाली. टू हास्टे आनर्सन हा तिथे पीएचडी करत होता. त्याचा प्रश्न साधा होता: डीजे लोक हाताने जे करतात, त्यासाठी संगणकाचा पडदा आणि कळफलक कसा असावा? प्रयोगासाठी त्याने एक सॉफ्टवेअर लिहिलं. २००३ मध्ये माँट्रियलच्या एका परिषदेत त्यावर निबंध वाचला. इथपर्यंत जगातल्या हजारो पीएचड्यांसारखीच ही कहाणी. पदवी मिळाल्यावर असलं काम कपाटात जातं. हे गेलं नाही, कारण त्याने आपली मूळ लिखावट सर्वांसाठी उघडी ठेवली होती. तो बाजूला झाल्यावर दुसऱ्यांनी ती उचलली, त्यांच्यानंतर तिसऱ्यांनी. २०१५ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत दोनाऐवजी चार तबकड्यांची सोय झाली. आज विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर ते चालतं, आणि लिहिणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक.

यामागचा परवाना जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये या परवान्याचा पहिला मसुदा आणला. सॉफ्टवेअर वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. मात्र बदललेलं वाटायचं असेल तर तेही तसंच उघडं ठेवून वाटा. इंग्रजी माणसाला यातला 'फ्री' शब्द समजावताना जन्म जातो, कारण त्यांच्याकडे दोन अर्थांना एकच शब्द. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं. मुक्त म्हणताना मान वर असते, फुकट म्हणताना जरा खाली. मी बैठकीत 'मुक्त' म्हणालो, खजिनदारांनी टिपणात 'फुकट' लिहिलं. दोन्ही खरं.

चेन्नईला हा विचार परका नाही. सरकारी कार्यालयांसाठी 'बॉस' नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती सी-डॅकच्या इथल्याच केंद्राने २००७ मध्ये आणली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज धापा टाकायला लागल्यावर मीही लिनक्सवरच आलो होतो. त्यामुळे मिक्स बसवायला एक ओळ टाइप करावी लागली, आणि चहा होईपर्यंत काम झालं.

आणि मग पडदा उघडला. मंडळी, खोटं सांगत नाही, मला रणगाड्यात बसल्यासारखं वाटलं. डावीकडे एक तबकडी, उजवीकडे दुसरी, मध्ये आवाजाच्या घुंड्या, खाली गाण्यांची यादी आणि वर दोन रंगीत पट्टे उजवीकडून डावीकडे वाहत असलेले. नातवाला विचारायची सोय नव्हती, तो पुण्यात. एक संपूर्ण दुपार मी नुसती बटणं वाचत बसलो.

पहिली अडचण हेडफोनची. डीजेला दोन वाटा लागतात: एक लोकांच्या स्पीकरकडे, दुसरी स्वतःच्या कानाकडे, म्हणजे पुढचं गाणं आधी चोरून ऐकता येतं. लॅपटॉपला भोक एकच. दोन दिवस मला वाटत होतं, सॉफ्टवेअर बिघडलंय. मग रिची स्ट्रीटला गेलो. माउंट रोडजवळची ती गल्ली म्हणजे चेन्नईचा लॅमिंग्टन रोड. तिथून बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड आणलं. सेटिंगमध्ये मुख्य आवाजाला एक दार दिलं, हेडफोनला दुसरं. चाललं.

दुसरी अडचण माझी स्वतःची. मी तोफखान्यातला. मध्यम तोफेचा बार जवळून होतो तेव्हा आवाज १५० डेसिबलच्या कितीतरी वर जातो. कानात बोळे घाला म्हणून सांगितलेलं असायचं, पण तरुणपणी ते कमीपणाचं वाटायचं. चूक पूर्णपणे माझी. डेसिबलचा हिशोब सावकारी व्याजासारखा असतो. ८५ डेसिबल आवाजात कान दिवसाचे ८ तास धरतो. दर ३ डेसिबल वाढले की मुदत अर्धी होते. ८८ ला ४ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. पुढचा हिशोब तुम्हीच करा, आणि मिरवणुकीत ट्रकच्या मागे उभ्या असलेल्या लेकरांना आठवून करा. निवासी भागासाठी आपल्या नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा लिहिलेली आहे. असो, त्यावर स्वतंत्र बोलू. मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा तो आधी वरच्या पट्टीत जातो, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. मला मृदंग ऐकू येतो, टाळ येत नाहीत. बायकोचं बोलणं कळतं, पण त्यातले स आणि श मी अंदाजाने भरतो. असा माणूस डीजे कसा होणार?

तर त्या वाहत्या रंगीत पट्ट्यांकडे बघताना मला कळलं. गाण्याची ती आकृती असते. खालचे आवाज लाल, मधले हिरवे, वरचे निळे. एक जुना अभंग लावला, आणि लाल ढेकळांच्या मधोमध निळ्या टाचण्या दिसू लागल्या. टाळ! पंधरा वर्षं झाली असतील टाळ नीट ऐकून. ऐकू आले नाहीतच, पण डोळ्यांना दिसले, एकूण एक. दोन गाणी एकाखाली एक लावली की त्यांच्या टाचण्या एका रेषेत आणायच्या. एवढंच तर काम. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. बायको येऊन विचारून गेली, बरं आहे ना?

पुढचं मला सोपं गेलं, कारण ते सगळं कवायतीच्या मैदानावरचं निघालं. सॉफ्टवेअर प्रत्येक गाणं तपासून मिनिटाला किती ठोके ते सांगतं. क्लबमधलं नाचाचं संगीत बहुधा १२० ते १३० च्या दरम्यान असतं. आपली 'तेज चल' मिनिटाला १२० पावलं! 'धीरे चल' ७०, 'दौडके चल' १८०. परंगीमलईच्या प्रशिक्षण केंद्रात १९८२ मध्ये उस्तादांनी माझ्या पोटऱ्यांत जो १२० चा आकडा भरला, तो अजून तिथेच आहे. घड्याळ न बघता मी १२० सांगू शकतो. केंद्राचं नाव तेव्हा ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल होतं, १९८८ पासून अकॅडमी झालं.

आता दोन गाणी १२० वर आणली तरी ती जुळतीलच असं नाही. दोन तुकड्या एकाच वेगाने चालत असतात, पण एकीचा डावा पाय पडतो तेव्हा दुसरीचा उजवा. वेग एक, पाऊल उलट. कवायतीत त्यावर हुकूम आहे: 'कदम बदल'. अर्ध्या पावलाची एक उडी मारून पाय सुधारायचा. मिक्समध्ये त्यासाठी दोन छोटी बटणं आहेत, दाबून धरलं की गाणं क्षणभर पुढे किंवा मागे सरकतं. आणि पुढची तुकडी अजून पोचली नसेल तर पहिली काय करते? 'कदम ताल'. जागेवरच पाय आपटत राहते. डीजे लोक त्याला लूप म्हणतात. गाण्याचा चार ठोक्यांचा तुकडा जागेवर फिरत ठेवायचा, दुसरं गाणं तयार होईपर्यंत. हे लक्षात आल्यावर मी इंग्रजी पुस्तिका मिटली आणि बटणांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या.

'सिंक' नावाचंही एक बटण आहे. ते दाबलं की जुळवाजुळव यंत्रच करतं. जुने डीजे त्याला नाक मुरडतात, म्हणतात ही फसवणूक. तोफखान्यात आम्ही हेच ऐकलेलं आहे. संगणक आले तेव्हा जुने जाणते म्हणायचे, ज्याला रेंज टेबल आणि पेन्सिल घेऊन पल्ला काढता येत नाही तो गनर कसला. मला वाटतं दोघंही अर्धे बरोबर. बटण खुशाल दाबावं, पण ते चुकलं आहे हे ओळखण्यापुरतं हाताने यायला हवं.

कारण ते चुकतं. आपल्या गाण्यांवर तर हमखास चुकतं. सॉफ्टवेअरचं गृहीतक असं की गाण्याची लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. पडघमयंत्रावर केलेल्या संगीतात ते खरं. पण आपला भजनाचा गजर ८४ ने सुरू होतो आणि बुवा रंगले की ११० च्या पुढे जातो. लेझीमचंही तेच. यंत्र सरासरी काढून सगळीकडे सारख्या अंतरावर रेघा मारतं, आणि शेवटच्या कडव्यात टाळ एकीकडे, रेघ दुसरीकडे. सेटिंगमध्ये 'लय कायम धरावी' अशा अर्थाची एक खूण असते. ती काढून गाणं पुन्हा तपासायला लावलं तेव्हा रेघा बुवांच्या मागे धावायला लागल्या. तरीही काही गाण्यांना मला स्वतः बोटाने टिचकी देत लय मोजून द्यावी लागली. कधी यंत्र ७० च्या जागी १४० सांगतं. ठाय आणि दुगुन यातला फरक त्याला कळत नाही, त्याबद्दल मी त्याला माफ केलं. पहिल्या वर्षाच्या शिष्यालाही कळत नाही.

आता गाणी कुठली लावायची? सॉफ्टवेअर मुक्त असलं तरी गाणी मुक्त नसतात. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो, आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून मी ठरवलं, शक्य तितकं आपलं आपण गाऊन ध्वनिमुद्रित करायचं. आजींकडे गेलो. फोन समोर ठेवला. म्हटलं, गणपतीचं काहीतरी म्हणा.

आजींनी 'शक्तिसहित गणपतिम्' म्हटलं. मांडीवर हाताने ताल धरून, नव्वदीच्या आवाजात. मी दचकलो. शब्द संस्कृत, गाणारी तंजावरची, आणि चाल अशी की मला बँडमागे चालावंसं वाटलं. विचारलं, हे काय आहे? म्हणाल्या, "नोट्टुस्वरम्. लहानपणी सगळेच शिकतात."

मंडळी, इथे आपण फोर्टात शिरतो. मुत्तुस्वामी दीक्षितर, जन्म १७७५, कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक. त्यांचे वडील रामस्वामी कुटुंबासह मद्रासजवळ मणलीला एका संगीतप्रेमी मुदलियार घराण्याच्या आश्रयाला आले होते. त्या यजमानांबरोबर ही मुलं फोर्ट सेंट जॉर्जमध्ये जायची आणि कंपनीच्या पलटणींचे बँड ऐकायची. हा किल्ला आज तमिळनाडूच्या सचिवालयाचा आणि विधानसभेचा. दीक्षितरांनी त्या इंग्रजी, आयरिश धुनांवर देवांची संस्कृत पदं रचली. सगळी शंकराभरणात, म्हणजे आपल्या बिलावलच्या सुरांत, कारण बँडचं मेजर स्केल तेच. अशी सुमारे ४० पदं आहेत. 'नोट्टु' म्हणजे इंग्रजी 'नोट'. त्यातल्या 'संततं पाहिमाम्'ची चाल तर चक्क इंग्रजांच्या राष्ट्रगीताची! राजाला वाचवण्याची विनंती काढून दीक्षितरांनी तिथे देवीला बसवलं. एका गाण्याची चाल आणि दुसऱ्याचे शब्द, याला आजचे डीजे मॅशअप म्हणतात. त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी याच वातावरणात फिडल शिकले, आणि आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक मैफल उभी राहत नाही. १८९३ मध्ये मद्रासचे ए. एम. चिन्नस्वामी मुदलियार यांनी उलटा प्रवास केला. त्यांनी आपलं संगीत युरोपीय स्वरलिपीत छापलं.

पलटणीचा बँड कवायतीसाठी वाजत होता. बाहेर उभा राहून कोण ऐकतंय, त्याचं काय करणार आहे, हे बँडमास्तरला ठाऊक नव्हतं. लष्करात एवढी वर्षं काढून हे पद माझ्या कानावर कधीच आलं नव्हतं, याची मला जरा लाजच वाटली.

आणि तंजावर? दीक्षितरांपेक्षा दोन वर्षांनी लहान असलेले आपले सरफोजीराजे दुसरे, १७७७ चे. गादीचा तंटा चालू असताना १७९३ मध्ये मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्यांना सुरक्षिततेसाठी मद्रासला पाठवलं. शिक्षणाचा बराच भाग त्यांचा इथे झाला. १७९८ ला गादीवर बसल्यावर त्यांनी दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला, आणि त्या संगीताच्या स्वरलिपी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्यांच्याच दरबारात पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते, भरतनाट्यमची मैफल आज ज्या क्रमाने होते तो बसवणारे. हे चौघे दीक्षितरांचे शिष्य. वडिवेलू व्हायोलिनमध्ये असे तयार झाले की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. मराठी राजा, तमिळ नट्टुवनार, इंग्रजी वाद्य. कुणी कुणाची परवानगी मागितली नाही.

पण माझी अडचण पुढेच होती. हे पद तिनाच्या चालीचं. आमची गाणी बहुतेक चाराची. सिंक बटणाने ठोका जुळत होता, आवर्तन जुळत नव्हतं. तीन पायांच्या आणि चार पायांच्या घोड्याची जोडी. तीन रात्री मी झटापट केली आणि आजींना सांगितलं, तुमचं गाणं एकटंच लावावं लागेल, आगेमागे शांतता ठेवून.

आजी म्हणाल्या, "दिंडी लाव की."

मला वाटलं वारीतली दिंडी. तसं नाही. हरिकथेतली दिंडी! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडचे मोरगावकर बुवा तंजावरला कीर्तनं करून गेले. ती ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा नव्याने बांधली. कथेच्या ओघात, प्रसंग बदलला की चाल बदलायची आणि ती मराठी वृत्तांतून: साकी, दिंडी, ओवी, अभंग. ही नावं आजही तमिळ भागवतर जशीच्या तशी वापरतात. निरूपणातून पदात, पदातून दिंडीत, दिंडीतून गजरात, मृदंग न थांबवता. दिंडीच्या ओळीला १९ मात्रा, ९ वर विसावा. नऊ म्हणजे तीन तिऱ्या. माझं गणित आजींनी एका वाक्यात सोडवलं. मग त्यांनी लहानपणी ऐकलेली एक दिंडी गायली, मराठी शब्दांची, उच्चार तमिळ. आणि या खेपेला मी शहाणा झालो होतो. त्यांच्या हातात वाटी-चमचा दिला, ठेका धरायला. चमच्याची किणकिण पडद्यावर निळी उमटली.

माझ्याकडे पाइप बँडची एक जुनी कॅसेट होती, त्यात एक जिग. जिगमध्ये प्रत्येक पावलात तीन ठोके असतात. म्हणजे क्रम ठरला: जिग, नोट्टुस्वर, दिंडी आणि तिथून मृदंगाच्या कदम तालावर थांबून चाराच्या अभंगात उडी.

कार्यक्रमाच्या दिवशी स्पीकर दोनच लावले आणि फोनवरचं आवाजमापक ७५ च्या पुढे जाऊ दिलं नाही. नाशिकच्या मुलाला आकड्याकडे लक्ष ठेवायला बसवलं. सुरुवातीला तरुण मंडळी खुर्च्यांवर हिरमुसून बसली होती. जिग सुरू झाल्यावर पाय हलायला लागले. नोट्टुस्वरात शिरताना माझा हात थरथरला आणि पाऊल उलट पडलं. बटण दाबलं, कदम बदल. कुणाच्या लक्षात आलं असं वाटलं नाही. आजींचा आवाज हॉलभर पसरला तेव्हा मागच्या बाजूला मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला, त्यांना ती चाल बँडची वाटत होती की देवाची कोण जाणे. दिंडी आली. मग अभंग, तो ८४ वरून चढत गेला, रेघाही त्याच्याबरोबर चढल्या, आणि पोरं उठून नाचायला लागली. ७५ डेसिबलवरही नाचता येतं. दहाच्या आत सगळं आटोपलं.

आजी शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसून होत्या. निघताना मी खाली वाकलो, श्रवणयंत्र नीट बसवलं आणि विचारलं, धडधडलं का?

म्हणाल्या, "नाही रे. पण दुसऱ्या गाण्यात शिरताना पाय चुकलास, तंबी."

पुढच्या भागात सरफोजीराजांच्या ग्रंथालयात जाऊ. तोवर, जय हिंद.